मैत्रिणींच्या हातावर तेल लावून बघू का?

या महिन्याच्या टपालात सुगंधी तेलांविषयीची पत्रं इतकी आली, की केसगळतीचे आणि वांगाचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे. ते पत्र ज्यांनी लिहिलं, त्यांच्या हातून दुसऱ्या कुणाला तरी आयुष्यभराचा त्रास होऊ शकतो आणि त्यांना त्याची कल्पनाही नाही, म्हणून.

प्रश्न : मी घरी क्रीम आणि बाम बनवते. आतापर्यंत ओळखीच्यांनाच द्यायचे, आता विक्री सुरू करायची आहे. त्यात लव्हेंडर, लवंग आणि गवती चहाचं तेल असतं. विकतच्या बाटल्यांवर ‘मानवी स्वयंसेवकांवर चाचणी केलेले’ असं छापलेलं असतं, तसं मलाही लिहायचंय. माझ्या पंचवीसेक मैत्रिणी तयार आहेत. प्रत्येकीच्या हातावर तेल लावायचं, दोन दिवस थांबायचं आणि कुणालाच काही झालं नाही तर लेबलवर तसं छापायचं, असं ठरवलंय. पद्धत बरोबर आहे का? तेल नुसतंच लावू की क्रीममध्ये मिसळून?

उत्तर : नुसतं तेल तर मुळीच लावू नका. आणि मिसळूनसुद्धा ही चाचणी करू नका. एवढं ठाम का सांगतेय ते नीट वाचा.

दोन दिवसांत तुम्हाला फार तर दोन गोष्टी कळतील. एक, तेल त्वचेला झोंबतं का. दुसरी, एखाद्या मैत्रिणीला त्या तेलाची ॲलर्जी आधीपासूनच आहे का. पण तुमच्या क्रीममुळे कुणाला नव्यानं ॲलर्जी होईल का, हे दोन दिवसांत कळूच शकत नाही. नेमकं तेच तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत महत्त्वाचं आहे.

ॲलर्जी तयार व्हायला वेळ लागतो. तेलातले रेणू लहान असतात, ते कातडीच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराची पहारेकरी पेशी ते चिकटलेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेते. तिथे त्या एकाच रसायनाला ओळखणाऱ्या टी-पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, फौज तयार होते. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात कातडीवर काहीही दिसत नाही. खाज नाही, लाली नाही. पुढे कधीतरी तेच रसायन पुन्हा लागलं की एकदोन दिवसांत पुरळ उठतं. त्या पेशींची आठवण सहसा पुसली जात नाही. ही ॲलर्जी बरी करणारं औषध नाही. ते रसायन टाळणं एवढाच इलाज.

तेव्हा दोन दिवसांनी मैत्रिणी ‘काही झालं नाही गं’ म्हणतील, तुम्ही लेबलं छापाल आणि त्यातल्या एखादीच्या लसिका ग्रंथीत ती फौज त्याच वेळी तयार होत असेल.

मग खरी चाचणी कशी असते? मी उमेदीच्या वर्षांत अशा चाचण्या करणाऱ्या एका केंद्रात पाठी वाचायचं काम केलंय. हो, पाठी वाचणं असंच आम्ही म्हणायचो. तिथली पद्धत सांगते. स्वयंसेवकाच्या पाठीवर ठरावीक जागी पट्टी लावतात. तिच्यात मोजून माल भरलेला असतो. आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे, त्याच जागी. म्हणजे एकूण नऊ पट्ट्या. त्यानंतर साधारण दोन आठवडे विश्रांती, कारण फौज तयार व्हायची असेल तर तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग एक शेवटची पट्टी, पण ती पाठीवरच्या कोऱ्या जागी, जिथे आधी काही लावलेलं नाही. ती काढल्यावर एकदा बघायचं आणि पुढचे दोनतीन दिवस पुन्हा बघायचं. कोऱ्या जागेवर पुरळ उठलं तर समजायचं, की या माणसाला आमच्या मालानं ॲलर्जी दिली.

आणि ते बघणंही सोपं नसतं. पट्टी काढल्या काढल्या वाचायचं नाही. चिकटपट्टीची लाली ओसरायला अर्धा तास जाऊ द्यायचा. मग दिवा बाजूनं धरायचा, समोरून नाही. समोरून प्रकाश टाकला तर उंचवटा दिसतच नाही. पेननं आखलेल्या खुणेच्या आत लाली आहे, कडा कापल्यासारख्या सरळ आहेत, कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी चमकते आहे आणि दुसऱ्या दिवशी सगळं फिकं पडलंय, तर माल नुसता झोंबलाय. पण बोट फिरवल्यावर कातडी जाड लागली, बारीक पुटकुळ्या खुणेच्या बाहेर सांडल्या आणि दुसऱ्या दिवशी जोर वाढला, तर ती ॲलर्जी. शंका आली की आम्ही डोळे मिटून नुसतं बोट फिरवायचो. डोळे रंगाला भुलतात, बोट सूज बरोबर ओळखतं. स्वयंसेवक पालथा पडून विचारत असतो, ‘लाल आहे का हो?’ आणि तुम्हाला लगेच उत्तर देता येत नाही.

आता तुमच्या पंचवीसच्या आकड्याकडे येऊ. पंचवीस जणींपैकी कुणालाच काही झालं नाही म्हणजे धोका शून्य, असं आपल्याला सहज वाटतं. हिशोब वेगळं सांगतो. समजा तुमचं क्रीम शंभरात एकाला ॲलर्जी देतं. गिऱ्हाइकांनी वापरायच्या वस्तूसाठी हे प्रमाण भयंकर आहे. तरीही पंचवीस जणींच्या चाचणीत एकीलाही काही न होण्याची शक्यता 78 टक्के आहे. म्हणजे चारातल्या तीन वेळा तुमचं वाईट क्रीम तुमच्या चाचणीत उत्तीर्ण होईल. शंभर जणांवर चाचणी केली तरी ते 37 टक्के वेळा निसटेल. आणि ॲलर्जी हजारात एकाला होत असेल तर शंभर जणांची चाचणी दहातल्या नऊ वेळा ‘काही नाही’ असंच सांगेल. शून्य प्रतिक्रिया आल्या की तीनला माणसांच्या संख्येनं भागायचं, असा संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. पंचवीसात शून्य म्हणजे खरा धोका 12 टक्क्यांपर्यंत असू शकतो. शंभरात शून्य म्हणजे 3 टक्क्यांपर्यंत. कुठल्याही लेबलावर हे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचवीस हा आकडा तुम्ही अंदाजानं घेतला असेल, पण सुगंधी तेलांच्या जुन्या नोंदींत तोच सारखा भेटतो. अमुक तेल, पेट्रोलियम जेलीत अमुक टक्के मिसळलं, पंचवीस स्वयंसेवक, प्रतिक्रिया नाही. 1973 पासून अशा टिपणांची मोठी मालिका एका विषविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आली. तेलं विकणारी मंडळी आजही त्यांतलं एखादं वाक्य उचलून ‘सुरक्षित सिद्ध’ असं लिहितात. ते वाक्य फक्त तेवढ्याच टक्क्यांपुरतं खरं असतं. चार किंवा आठ टक्क्यांना काही झालं नाही, याचा अर्थ नुसत्या तेलाला काही होणार नाही असा होत नाही.

‘नुसतं तेल नको’ म्हणाले त्याचं कारण हेच. त्वचेच्या ॲलर्जीत महत्त्व असतं ते कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर किती रसायन पडलं याला. एकूण किती वापरलं याला नाही. गवती चहाच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास सिट्रल नावाचं सुगंधी रसायन असतं. सुगंध उद्योगाच्या हिशोबात सिट्रलची जी मात्रा नव्यानं ॲलर्जी देणार नाही असं धरतात, ती आहे चौरस सेंटिमीटरला 1400 मायक्रोग्रॅम. आता एक थेंब तेल घ्या, धरा 30 मिलिग्रॅम. ते मनगटावर दोन बाय दोन सेंटिमीटर जागेत पसरलं, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 5600 मायक्रोग्रॅम सिट्रल पडलं. चौपट. त्यातलं काही उडून जातं, मान्य. पण रोजच्या वापरासाठी त्या 1400 लाही आणखी बऱ्याच मोठ्या आकड्यानं भागायचं असतं, कारण वापरणाऱ्यांत कोवळ्या कातडीचे, फुटलेल्या कातडीचे, दिवसातून चारदा लावणारे सगळे येतात.

मग तुम्ही काय करायचं? ज्यांच्याकडून तेल घेता त्यांच्याकडे त्या घाण्याचं रासायनिक पृथक्करण मागा. सिट्रल किती, लवंगेतलं युजेनॉल किती, लव्हेंडरमधलं लिनालूल किती, ते त्यात लिहिलेलं असतं. देत नसतील तर त्यांच्याकडून घेऊ नका. सुगंध उद्योगाची जागतिक संघटना, इफ्रा, अशा घटकांसाठी मर्यादा ठरवून देते. ओठांच्या बामसाठी वेगळी, अंगाच्या क्रीमसाठी वेगळी, धुऊन टाकायच्या साबणासाठी वेगळी. तुमचं मिश्रण त्या मर्यादेत बसतं का ते आधी कागदावर तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात कुणाच्या कातडीला हात लागत नाही. घटकांची नावं लेबलवर स्पष्ट छापा, म्हणजे ज्याला आधीच ॲलर्जी आहे तो बाटली परत ठेवेल. लेबलवर दावा करायचाच असेल तर तो अशा चाचण्या करणाऱ्या केंद्राकडून, नैतिकता समितीच्या मंजुरीनं आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झालेल्या चाचणीवरच करा.

मैत्रिणींना क्रीमचा वास कसा वाटतो, चिकट लागतं का, ते खुशाल विचारा. पण त्यांच्या पाठी आणि हात मोकळे सोडा.

प्रश्न : एका चाचणी केंद्राची जाहिरात वाचून मी नाव दिलं. सुगंध असलेल्या लोशनची चाचणी आहे, सहा आठवडे जावं लागेल, मानधन मिळेल. घरचे घाबरवतायत. जाऊ की नको?

उत्तर : घरच्यांचं घाबरणं अगदीच निराधार नाही आणि तुमचं जाणं चूकही नाही. या चाचण्यांना माणसं लागतात. अशी माणसं होती म्हणूनच कितीतरी वाईट घटक बाजारातून बाहेर गेले. पण सही करायच्या आधी काही प्रश्न विचारा.

लोशनमधला सुगंध किती टक्के आहे आणि तेवढ्या मात्रेला ॲलर्जी होणार नाही असं त्यांना आधीच कशावरून वाटतं? आज नीट चालणाऱ्या केंद्रात ही चाचणी धोका शोधण्यासाठी करत नाहीत. धोका आधी इतर मार्गांनी मोजलेला असतो, सुरक्षित वाटणारी मात्रा ठरलेली असते आणि माणसांवर फक्त तिची खातरजमा करतात. ‘बघू काय होतं ते’ असा सूर दिसला तर सरळ परत या. नैतिकता समितीची मंजुरी बघा. मधेच सोडायचं ठरवलं तर कारण न देता सोडता येईल ना, ते बघा. काही झालं तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे लेखी आहे का?

आणि ज्या एका मुद्द्यावर मी अडून बसेन तो हा : तुम्हाला प्रतिक्रिया आलीच, तर कशामुळे आली त्या रसायनाचं नाव ते तुम्हाला लेखी देतील का? लोशनचा सांकेतिक क्रमांक नव्हे, रसायनाचं नाव. आमच्या केंद्रात एका बाईंच्या पाठीवर शेवटच्या पट्टीच्या जागी स्पष्ट, जाड, पुटकुळ्यांचा चौकोन उठला. दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. पुढे घटक सुटे करून तपासले तेव्हा आयसोयुजेनॉल हे सुगंधातलं रसायन सापडलं. त्यांना आम्ही एक छोटं कार्ड दिलं, त्यावर ते नाव आणि त्याची दुसरी प्रचलित नावं लिहिली. बाईंनी ते पर्समध्ये ठेवलं. साबण घेताना, लोशन घेताना, कपडे धुवायची पावडर घेताना आता आयुष्यभर ते कार्ड बघायचं. पाठीवरचं पुरळ दोनतीन आठवड्यांत गेलं. कार्ड मात्र राहिलं. नावच ठाऊक नसतं तर त्यांनी काय टाळलं असतं? म्हणून या अटीवर मी तडजोड करत नाही.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, अंगावर इसब असेल, स्टेरॉइड घेत असाल किंवा पाठ उन्हानं भाजलेली असेल तर या वेळी नाव मागे घ्या. आधी कधी सेंटनं, केसांच्या रंगानं पुरळ उठलं असेल तर ते लपवू नका. मानधन जाईल म्हणून लपवणारे असतात, आणि त्रास त्यांनाच होतो.

प्रश्न : मी फार्मसीचा विद्यार्थी आहे. प्राण्यांवरच्या चाचण्या बंद करा म्हणतात, माणसांवर करणंही बरोबर नाही म्हणतात. मग सुगंधी तेलं तपासायची कशी? आणि कैद्यांवर चाचण्या झाल्या होत्या हे खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि तुझ्यासारख्यांनी ते मुद्दाम वाचायला हवं. पॅच टेस्टची, म्हणजे कातडीवर थोडा पदार्थ लावून ॲलर्जी तपासण्याची, सुरुवात चांगल्या हेतूनं झाली. 1895 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी पाऱ्याच्या मलमानं पुरळ आलेल्या रुग्णांच्या कातडीवर तेच मलम थोडंसं लावून कारण पक्कं करता येतं हे दाखवलं. ती चाचणी रुग्णाच्या फायद्याची होती. पुढे उलटा प्रश्न आला, की निरोगी माणसाला एखादा पदार्थ ॲलर्जी देऊ शकतो का? 1966 मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी त्यासाठी मॅक्सिमायझेशन टेस्ट मांडली. साबणासारख्या रसायनानं कातडी आधी चिडवायची, मग पदार्थ हवाबंद पट्टीखाली पुन्हा पुन्हा लावायचा, पंचवीस माणसांवर. उद्देशच असा, की ॲलर्जी होण्यासारखी असेल तर ती व्हावी. क्लिगमन यांच्या चाचण्या फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर होत. तिथे 1951 पासून 1974 पर्यंत नाना प्रकारचे प्रयोग चालले. कैदी पैशांसाठी तयार होत. ज्याच्याकडे पैसे मिळवायचा दुसरा मार्ग नाही आणि दार बाहेरून बंद आहे, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायला मी तयार नाही. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्युरेम्बर्ग संहिता 1947 ची, म्हणजे संमती म्हणजे काय हे तेव्हा जगाला सांगून झालं होतं.

सुगंधी तेलांच्या जुन्या नोंदींत ‘स्वयंसेवक’ हा शब्द दिसला, की ही पद्धत कुठे घडली ते आठवत जा. ती माहिती फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. तिच्या आधारानं आजही लाखो लोकांची कातडी वाचते. पण ती कुणाच्या पाठीवरून आली हे ठाऊक असावं.

तपासायचं कसं, याचं उत्तर आता बरंच बदललंय. आधी गिनीपिग, मग उंदराच्या कानामागच्या लसिका ग्रंथींची चाचणी आणि गेल्या दशकात काचपात्रातल्या पद्धती. पदार्थ प्रथिनाच्या तुकड्याला चिकटतो का, कातडीच्या पेशी धोक्याची जनुकं चालू करतात का, पहारेकरी पेशी जाग्या होतात का, या तीन वेगवेगळ्या चाचण्या. 2021 मध्ये त्यांची एकत्र सांगड घालणारी ओईसीडीची, म्हणजे आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेची, मार्गदर्शिका आली. युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या प्राणी-चाचण्यांवर 2013 मध्ये पूर्ण बंदी घातली. त्याच्याही आधी, 2000 साली, तिथल्या वैज्ञानिक समितीनं निरोगी माणसांत ॲलर्जी घडवून बघणाऱ्या चाचण्यांवर गंभीर नैतिक आक्षेप नोंदवले होते.

मात्र सुगंधी तेलं या नव्या पद्धतींना सहज वश होत नाहीत, आणि संशोधनात जायचं असेल तर तुला इथेच काम आहे. एका तेलात शेकडो घटक असू शकतात, तेव्हा त्याचा रेणुभार, म्हणजे एका रेणूचं वजन, किती धरायचा? तेल पाण्यात विरघळत नाही आणि पेशींच्या ताटलीतून उडून जातं. जमिनीनुसार, हंगामानुसार, ऊर्ध्वपातन किती वेळ केलं त्यानुसार त्याचं प्रमाण बदलतं. म्हणून आज बहुतेक हिशोब तेलाचा न करता त्यातल्या एकेका घटकाचा करतात. तो पुरेसा आहे का, यावर वाद घालायला जागा आहे.

प्रश्न : टी ट्री ऑइल मी वर्षानुवर्षं मुरुमांवर लावतेय. कधीच काही झालं नव्हतं. आता जुनी बाटली काढून लावली तर चेहरा सुजला, पाणी सुटलं. इतकी वर्षं चाललेलं तेल अचानक बाधेल का?

उत्तर : बाधेल. आणि तुमच्या पत्रातला ‘जुनी बाटली’ हाच शब्द मी दोनदा वाचला.

उघडलेल्या बाटलीत हवा जाते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेलातले घटक हळूहळू बदलतात. टी ट्री तेलातल्या टर्पिनीनसारख्या घटकांपासून ॲस्कॅरिडोल वगैरे नवी रसायनं तयार होतात, आणि ती मूळ तेलापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी देणारी असतात. लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, यांचंही तसंच होतं. ताजं, शुद्ध लिनालूल जवळजवळ निरुपद्रवी. हवा लागली की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड होतात आणि ते ॲलर्जीच्या बाबतीत जोरदार. इतकं, की पॅच टेस्टमध्ये ताजं लिनालूल लावलं तर ॲलर्जी असलेले बरेचसे रुग्ण हुकतात. मुद्दाम हवा लागू दिलेलं लावावं लागतं.

स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांबद्दलची माझी मोठी तक्रार इथेच आहे. चाचणीसाठी येतो तो सीलबंद, ताजा नमुना. न्हाणीघरातल्या फळीवर, टोपण अर्धवट लावलेली, वर्षभर वापरलेली बाटली कुणी चाचणीला आणत नाही. पण माणसं वापरतात ती तीच.

ती बाटली अंगाला लावू नका, पण फेकूही नका. चेहरा शांत झाल्यावर, स्टेरॉइडचं औषध थांबवून त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तेवढे दिवस गेले, की ती घेऊन पॅच टेस्टला जा. टी ट्री तेल तपासताना ते पेट्रोलियम जेलीत पाच टक्के मिसळून लावतात. तुमची बाटलीही पातळ करूनच लावायला हवी. कुणी थेट थेंब पाठीवर टाकायला निघालं तर नम्रपणे नाही म्हणा, कारण नुसत्या तेलानं ॲलर्जी नसलेली पाठसुद्धा लाल होते आणि निदान बिघडतं. दोन दिवसांनी पट्टी काढतील, तेव्हा एकदा बघतील. चौथ्या दिवसाच्या आसपासचं बघणं मात्र चुकवू नका, काही प्रतिक्रिया तेव्हाच उमटतात. तोवर पाठ ओली करायची नाही.

प्रश्न : बर्गमॉट तेलाची पॅच टेस्ट केली, काहीच आलं नाही. तरी मानेवर लावून उन्हात गेले की काळे पट्टे उठतात. टेस्ट चुकली का?

उत्तर : टेस्ट चुकलेली नाही, प्रश्न वेगळा आहे. ही ॲलर्जी नव्हे. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी चेततं आणि कातडी भाजते. ज्याच्या कातडीत पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन शिरेल त्या कुणालाही हे होतं. पट्टीखाली अंधार असतो, मग दिसणार कसं? कातडीवर राहणाऱ्या वस्तूंत साधं बर्गमॉट तेल 0.4 टक्क्यांहून जास्त नसावं अशी इफ्राची मर्यादा आहे. बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं, ते वापरा किंवा मानेला लावायचं सोडा. डाग फिके पडायला महिने लागतील, घासू नका.

प्रश्न : नवं क्रीम घेतलं की घरच्या घरी तपासायची काही बरी रीत सांगाल का? मला एकदा सेंटनं पुरळ आलं होतं.

उत्तर : आहे, आणि ती तज्ज्ञही वापरतात. तयार क्रीम, जसं वापरायचं तसंच, कोपराच्या आतल्या बाजूच्या खाली साधारण पाच बाय पाच सेंटिमीटर जागेवर दिवसातून दोनदा लावा. वर पट्टी बांधायची नाही, जागा उघडी ठेवायची. हे दोन आठवडे करा. दोन दिवसांवर थांबू नका, सौम्य ॲलर्जी दुसऱ्या आठवड्यातही वर येते. खाज, पुटकुळ्या दिसल्या की लगेच थांबा आणि डबी जपून ठेवा. ही रीत फक्त लावून ठेवायच्या वस्तूंसाठी आहे. शाम्पू, साबण, केसांचा रंग आणि नुसतं सुगंधी तेल यांच्यासाठी ती वापरू नका. आणि लावल्यावर दहा मिनिटांत गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा वाट बघायची नाही, जागा धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा.